काळजी शिकावी लागते

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या अनेक घरांत सारखीच चर्चा सुरू होते. मेडिकलला नंबर लागणार नाही हे कळलेलं असतं, इंजिनीअरिंगची फी झेपणार नसते, आणि मुलीला तीन-चार वर्षं नुसतं बी.ए. करत ठेवायला वडील तयार नसतात. मग कोणी मामा किंवा आत्या सुचवते, "नर्सिंगला घाला तिला. पायावर उभी राहील." या सल्ल्यात वावगं काही नाही. बीड, नांदेड, यवतमाळ, गडचिरोली, नंदुरबार अशा जिल्ह्यांतल्या कित्येक कुटुंबांत पहिला नियमित पगार आला तो नर्स झालेल्या मुलीचा. पण सल्ला देणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांनाही बहुतेकदा हे ठाऊक नसतं की ही मुलगी नेमकं काय शिकणार आहे, तिच्या कॉलेजला मान्यता आहे का, शिकून झाल्यावर तिच्या हाती कोणतं प्रमाणपत्र पडणार आहे आणि त्याची किंमत बाजारात किती आहे.

दुसरीकडे शहरांतल्या घरांत वेगळीच धावपळ चाललेली असते. आईला अर्धांगवायूचा झटका आलेला असतो, वडिलांना विस्मरण जडलेलं असतं, मुलगा-सून नोकरीवर. "कोणी चांगली बाई आहे का हो बघायला?" हा प्रश्न सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला पडतो. कोणी तरी येते. तिला काय येतं, ती कुठे शिकली, हे विचारायचं असतं हेच घरच्यांच्या मनात येत नाही.

या दोन घरांच्या मधे एक दुवा आहे, तो शिक्षणाचा. आजारी माणसाची, वृद्धांची, बाळंतिणीची काळजी घेणं बाईला उपजतच येतं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. त्या समजुतीमुळे हे काम शिकवण्याकडे दुर्लक्ष झालं, त्याचा पगार कमी राहिला आणि ते करणाऱ्यांना मानही बेताचाच मिळाला. महाराष्ट्राचा गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव मात्र अगदी उलट साक्ष देतो. काळजी घेणं हे शिकण्याचं काम आहे, आणि जिथे ते नीट शिकवलं गेलं तिथे माणसं जगली.

केईएमचा वॉर्ड क्रमांक चार

या विधानाचा सर्वांत मोठा पुरावा परळच्या केईएम रुग्णालयात आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला आणि त्या पुन्हा कधीच भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं त्या वॉर्ड क्रमांक चारलगतच्या खोलीत अंथरुणावर होत्या. ज्यांनी त्यांना सहकारी म्हणून पाहिलं होतं त्या परिचारिका निवृत्त झाल्या, त्यांच्यानंतरच्या आल्या आणि त्याही निवृत्त झाल्या. अरुणाताईंची काळजी एका पिढीकडून दुसरीकडे सोपवली गेली.

त्यांच्यासाठी केलेल्या दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये निकाल दिला. निष्क्रिय दयामरणाचा मार्ग त्याच निकालाने देशात पहिल्यांदा काही अटींवर मोकळा झाला. अरुणाताईंच्या बाबतीत मात्र न्यायालयाने त्यांना जगू द्यावं हे केईएमच्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं प्रमाण मानलं आणि त्यांच्या शुश्रूषेचा आदराने उल्लेख केला. वैद्यकीय क्षेत्रातल्या माणसांना या सगळ्यात एक गोष्ट थक्क करते: इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या रुग्णाच्या अंगावर पाठीचे व्रण, म्हणजे बेडसोअर, होऊ दिले गेले नाहीत.

ज्यांनी घरी अंथरुणावरच्या माणसाची सेवा केली आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. असे व्रण काही दिवसांतही होतात. ते चार दशकं टाळायला माया तर लागतेच. पण नुसत्या मायेने ते टळत नाहीत. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, माणूस ओढायचा नाही तर चादरीसह उचलून सरकवायचा कसा, माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती आणि डोक्याचा मागचा भाग रोज का तपासायचा, चादरीची एक सुरकुतीही का चालत नाही, हे सगळं शिकलेल्या हातांनी केलं म्हणून ते शक्य झालं.

पहिली पावलं

हे शिकवायला आपल्याकडे सुरुवात झाली ती सोपी नव्हती. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव परिचर्येच्या इतिहासात पहिली प्रशिक्षणार्थी भारतीय परिचारिका म्हणून घेतलं जातं. त्याच दशकात मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयात नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. ख्रिस्ती मुलींनी हा पेशा आधी स्वीकारला. हिंदू घरांतून मुली येत नव्हत्या, कारण परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, रात्रपाळी करायची, यातलं काहीच तेव्हाच्या समाजाला मान्य नव्हतं.

ही भिंत फोडण्यात रमाबाई रानडे यांचा वाटा मोठा आहे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने रमाबाईंनी विधवांसाठी, परित्यक्तांसाठी शिक्षणाच्या ज्या वाटा काढल्या त्यांत ससून रुग्णालयात परिचर्येचं आणि सुईणपणाचं शिक्षण घेण्याची सोय होती. ज्या बाईला घरात सोवळ्यात, कोपऱ्यात बसवलं जात होतं, ती पांढरा गणवेश घालून वॉर्डात उभी राहिली आणि पगार घेऊ लागली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नीचं नाव पाठीशी होतं, म्हणून मध्यमवर्गीय घरांचा विरोध हळूहळू सैल झाला.

नागपूरला कमलाताई होस्पेट यांनी तेच काम आपल्या आयुष्यातून करून दाखवलं. कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या कमलाताई डफरिन रुग्णालयात परिचर्या शिकल्या आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासह त्यांनी मातृसेवा संघ स्थापन केला. एका लहानशा प्रसूतिगृहातून विदर्भभर पसरलेली संस्था उभी राहिली आणि पुढे समाजकार्याचं शिक्षण देणारी शाखाही तिला फुटली. शिक्षण घेतलेली एक बाई किती मोठं काम उभं करू शकते, याचं हे उदाहरण नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला माहीत असायला हवं.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा दिला तेव्हा चित्र विदारक होतं. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता आणि ४३,००० लोकांमागे एक नर्स. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि अभ्यासक्रम, परीक्षा, नोंदणी यांना देशभर एक चौकट मिळाली.

वॉर्ड हीच शाळा

आज या चौकटीत तीन पायऱ्या आहेत. एएनएम (ऑक्झिलरी नर्स अँड मिडवाइफ) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर मुलींसाठी असतो, आणि त्यातून उपकेंद्रावरची आरोग्यसेविका घडते. सपाट भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा निकष. लसीकरण, गरोदर मातांच्या तपासण्या, कुटुंबनियोजन, साथीच्या नोंदी हे सगळं तिच्याकडे. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा, मुला-मुलींसाठी खुला. आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय लागतात. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झालं, तेव्हा नर्सला पदवी कशाला हवी असं विचारणारे पुष्कळ होते. आता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली राज्यभर अशी महाविद्यालयं आहेत.

पहिल्या वर्षाच्या मुलीला सगळ्यांत आधी शिकवतात ते पलंग लावायला. बाहेरच्या माणसाला यात शिकण्यासारखं काय असं वाटेल. पण चादर ताणून कोपरा कसा दुमडायचा, रुग्ण पलंगावर असतानाच खालची चादर कशी बदलायची, ऑपरेशनहून येणाऱ्या रुग्णासाठी पलंग वेगळा का लावायचा, याची रीतसर प्रात्यक्षिकं होतात. मग हात धुण्याच्या पायऱ्या. मग ताप, नाडी, श्वास मोजून तक्त्यावर मांडणं. त्यानंतर अंथरुणातच अंघोळ घालणं: पडदा आधी ओढायचा, पाणी आपल्या हातावर आधी तपासायचं, डोळा नाकाच्या बाजूने कानाकडे पुसायचा, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करायचा आणि लगेच झाकायचा. रुग्ण बेशुद्ध असला तरी प्रत्येक कृतीआधी त्याला सांगायचं, "आजोबा, आता पाठ पुसते हं." उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही सांगायचं. माणसाची प्रतिष्ठा ही परिचर्येत उपचाराचाच भाग म्हणून शिकवली जाते.

बेशुद्ध रुग्णाचं तोंड स्वच्छ करताना मान एका कुशीला वळवावी लागते, नाहीतर पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. नाकातल्या नळीने अन्न देण्याआधी नळी पोटातच आहे याची खात्री करावी लागते आणि डोक्याकडचा भाग उंच ठेवावा लागतो. इंजेक्शन देताना रुग्ण तोच, औषध तेच, मात्रा तीच, मार्ग तोच आणि वेळ तीच, ही पाच कलमं पाठ करून चालत नाही; रात्री तीन वाजता, डोळ्यांवर झोप असताना, दोन सारख्या नावांचे रुग्ण शेजारी असताना ती पाळावी लागतात. हे आधी पुतळ्यावर, मग पाठ्यनिर्देशिकेच्या नजरेखाली रुग्णावर आणि मग एकटीने, अशा क्रमाने हातात बसतं.

याच शिस्तीची परीक्षा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात झाली. दहशतवादी आवारात शिरले तेव्हा ड्यूटीवर असलेल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या वॉर्डातल्या वीस गरोदर स्त्रियांना पँट्रीसारख्या लहान खोलीत हलवून त्यांचे जीव वाचवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला जिन्याने प्रसूतिकक्षात पोचवलं. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव मांडला. आपल्या वॉर्डात किती रुग्ण आहेत, कोण कोणत्या अवस्थेत आहे आणि कोणाला आधी हलवायचं, हे प्रत्येक पाळीत हातातल्या रेषांइतकं पाठ असणं ही शिकवलेली सवय असते.

आणि तरीही या शिक्षणाला वॉर्डातच धक्का बसतो. परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. राज्यातल्या कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्री जाऊन मोजून पाहावं. हा निकष क्वचितच पाळलेला दिसेल. विद्यार्थिनी पुस्तकात दोन तासांनी कूस बदलायला शिकते आणि वॉर्डात बघते की चाळीस रुग्णांची कूस दोघींनी बदलणं शक्यच नाही. रिकाम्या जागा भरून काढायला विद्यार्थिनींनाच राबवण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे. शिकायला आलेल्या मुलीकडून नोकरीचं काम करून घेतलं की तिचं शिकणं थांबतं आणि रुग्णाची सुरक्षाही धोक्यात येते.

औषधाच्या चिठ्ठीपलीकडे

रुग्णालयात काळजीचा आणखी एक विभाग असतो, आणि गरज पडेपर्यंत तो बहुतेकांना माहीत नसतो. तळमजल्यावर, केसपेपरच्या खिडकीपासून थोडं आत, "समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)" अशी पाटी दिसते. तिथे बसणारी व्यक्ती एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली असते.

या पेशाचं भारतातलं मूळ मुंबईतच आहे. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ नागपाड्यात कामगारवस्तीत नेबरहूड हाउस चालवत होते. त्यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था अशा संस्था उभ्या राहिल्या आणि समाजकार्याची महाविद्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली.

इथलं शिक्षणही वर्गाइतकंच बाहेर होतं. क्षेत्रकार्याचे दिवस ठरलेले असतात. विद्यार्थी रुग्णालयात, वस्तीत, बालगृहात जातो, प्रत्येक भेटीचा सविस्तर अहवाल लिहितो आणि मार्गदर्शक तो ओळीओळीने तपासतात. क्षयरोग झालेल्या बाईने औषध मधेच का सोडलं, याचं उत्तर रक्ताच्या चाचणीत सापडत नाही. कदाचित गोळ्यांनी मळमळतं आणि घरात खायला पुरेसं नाही. कदाचित निक्षय पोषण योजनेचे पैसे येण्यासाठी बँकेत खातंच नाही. कदाचित सासरी कळू नये म्हणून ती गोळ्या लपवते. हे विचारायचं कसं, तिला अपराधी न वाटू देता ऐकायचं कसं आणि मग बँक, आशा सेविका, नवरा, नगरसेवक यांतल्या कोणाशी बोलायचं, हे समाजकार्याच्या विद्यार्थ्याला शिकावं लागतं.

मोठ्या रुग्णालयात या विभागाकडे रोज काय येतं ते पाहिलं की कामाचा आवाका समजतो. बेवारस रुग्ण, ज्याचं नावही माहीत नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारा पण रेशनकार्डावरचं नाव चुकलेला रुग्ण. मनोधैर्य योजनेची मदत मिळायला हवी अशी अत्याचारपीडित मुलगी. ट्रस्टच्या मदतीसाठी सात ठिकाणी अर्ज करणारा कॅन्सरग्रस्त मुलाचा बाप. आणि मेंदूमृत रुग्णाचे नातेवाईक, ज्यांच्याशी अवयवदानाबद्दल बोलायचं असतं; २०११ च्या कायदादुरुस्तीने प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांना समन्वयक नेमणं बंधनकारक केलं, आणि या पदावर समाजकार्याचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत.

वाचकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात, आणि बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. ही सवलत हक्काची आहे. ती मिळवून देणारी व्यक्ती म्हणजे बहुतेक ठिकाणी हा समाजसेवक. तो नीट शिकलेला असेल आणि व्यवस्थापनासमोर रुग्णाची बाजू मांडण्याची धमक त्याच्यात असेल, तर एका कुटुंबाची शेती विकायची वाचते.

जामखेड आणि गडचिरोली

शिक्षण म्हणजे पदवीच असं मात्र नाही, हेही महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेले. दुष्काळी तालुका, बाळंतपणात बाया मरायच्या, जुलाबाने मुलं दगावायची. आरोळ्यांनी प्रत्येक गावातून एक बाई निवडली. यातल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काहींना नवऱ्याने टाकलं होतं. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावात जाऊन ते करायच्या आणि पुढच्या आठवड्यात अडचणी घेऊन परत यायच्या. थोडं शिकणं, लगेच वापरणं, पुन्हा शिकणं अशी ती पद्धत होती. गर्भवती तपासण्यापासून जुलाबावरच्या साखर-मिठाच्या पाण्यापर्यंत सगळं त्यांनी हाताळलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या निवडक प्रयोगांचं पुस्तक काढलं त्यात जामखेड होतं, आणि १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने हेच सूत्र संशोधनाच्या कसोटीवर लावलं. ३९ गावांत आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं: बाळाला ऊब देणं, वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं. तुलनेसाठी ४७ गावं होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्क्यांची घट दिसली होती. पुढे हीच पद्धत देशभरातल्या आशांच्या प्रशिक्षणात आली.

आशा योजना २००५ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. पण हीच आशा आजही कर्मचारी मानली जात नाही. तिला मिळतं ते मानधन आणि कामागणिक मोबदला. त्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांना वारंवार संप करावे लागले. ज्या शिक्षणाने बाळांचे जीव वाचतात ते घेतलेल्या बाईला आपण स्वयंसेविका म्हणत राहणं हा सरळ अन्याय आहे.

घरी येणारी मावशी

आता त्या दुसऱ्या घराकडे येऊ, जिथे बिछान्यावरच्या आईसाठी बाई शोधणं चाललं आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक ८.६ टक्के होते. २०३६ पर्यंत ते १५ टक्क्यांच्या घरात जातील असा सरकारच्या तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण आधीपासून देशाच्या सरासरीहून जास्त आहे. कुटुंबं लहान झाली, मुलं बंगळुरूला किंवा परदेशी. आणि म्हातारपणाचे आजार रुग्णालयात थोडे दिवस आणि घरी अनेक वर्षं चालतात.

ही गरज आज ब्युरो भागवतात. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, नागपूर इथे फोन केला की बारा तासांची किंवा चोवीस तासांची बाई मिळते. बिलावर 'केअरटेकर', कधी 'नर्स'ही लिहिलेलं असतं. ती बहुधा गावाकडून आलेली, गरजू, कष्टाळू बाई असते. तिला कॅथेटरची पिशवी कमरेच्या वर उचलायची नाही हे कोणी शिकवलेलं नसतं. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला आडवं ठेवून पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जातं, हे तिला माहीत नसतं. विस्मरण झालेले आजोबा सारखं घरी जायचं म्हणतात तेव्हा वाद न घालता त्यांचं मन कसं वळवायचं, हे तिला कोणी दाखवलेलं नसतं. आणि सत्तर किलोच्या माणसाला एकटीने उचलताना तिची स्वतःची पाठ जाते, तिचा विचार करणारं तर कोणीच नसतं. घरून दिलेल्या पैशांतला किती भाग तिच्या हातात पडतो आणि किती ब्युरोकडे राहतो, हेही घरच्यांना माहीत नसतं.

यावर उत्तर नाही असं नाही. कौशल्य विकास योजनेखाली जनरल ड्यूटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड असे काही महिन्यांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांत उचलणं, वळवणं, भरवणं, स्वच्छता, प्रथमोपचार आणि केव्हा डॉक्टरला बोलवायचं हे शिकवतात. पण प्रमाणपत्र असलेल्या आणि नसलेल्या बाईला घराघरांतून सारखेच पैसे मिळत असतील, तर पदरचे महिने घालवून कोण शिकेल? या कामाची नोंदणी, किमान वेतन, सुट्टी आणि तपासणी यांचा नियम झाल्याशिवाय शिक्षणाला अर्थ येणार नाही.

परदेशाची वाट

याच शिक्षणाला बाहेर मात्र मागणी आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिका आणि रुग्णसेवक आहेत. जर्मनीत परिचर्येचं शिक्षण तीन वर्षांचं असतं, आणि शिकणाऱ्याला त्या काळात दरमहा भत्ता मिळतो. शिकणं हेच काम मानलं जातं. जर्मनीने आपल्याकडून घेण्यासारखं मनुष्यबळ आहे, तशी आपण त्यांच्याकडून घेण्यासारखी ही रीत आहे. पण तिथे जायचं तर जर्मन भाषा बी-१, बी-२ पातळीपर्यंत शिकावी लागते आणि इथल्या पदवीला तिथे मान्यता मिळवावी लागते. हे काम वर्ष-दीड वर्षाचं असतं, एजंट काहीही म्हणो.

ब्रिटनचा अनुभव सावध करणारा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे केअर वर्करसाठी व्हिसा खुला झाला आणि भारतातूनही हजारो लोक गेले. कित्येकांनी एजंटांना लाखो रुपये मोजले, आणि तिथे पोचल्यावर ठरलेलं कामच नसल्याचं कळलं. मार्च २०२४ पासून कुटुंब नेण्याची मुभा गेली आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्करची नवी भरतीच बंद झाली. नोंदणीकृत परिचारिकांची वाट अजून खुली आहे. ज्यांच्याकडे पक्कं शिक्षण होतं ते टिकले, आणि नुसत्या व्हिसाच्या भरवशावर गेलेले अडकले. परदेशाचं स्वप्न बघणाऱ्या प्रत्येक मुलीच्या पालकांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

प्रवेश घेण्याआधी

म्हणून प्रवेशाआधी काही गोष्टी स्वतः तपासाव्यात. एएनएम, जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बी.एस्सी. नर्सिंगची आरोग्य विज्ञान विद्यापीठ. शिकून झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नसेल, तर त्या कोर्सने कायद्याने नर्स होता येत नाही, मग प्रमाणपत्रावर कितीही शिक्के असोत. 'बेडसाइड असिस्टंट' किंवा तत्सम सहा महिन्यांच्या कोर्सला नर्सिंग म्हणून प्रवेश देणाऱ्या संस्थांपासून दूर राहावं. कॉलेजचं स्वतःचं किंवा संलग्न रुग्णालय कुठे आहे, तिथे रुग्ण खरोखर किती असतात, हे जाऊन पाहावं. रिकाम्या वॉर्डात कोणालाच काही शिकता येत नाही. समाजकार्याला जाणाऱ्यांनी क्षेत्रकार्य कुठे होतं आणि त्यावर देखरेख कोण करतं ते विचारावं. २०२१ च्या सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य करणाऱ्यांनाही नोंदणीच्या कक्षेत घेतलं आहे, आणि परिचर्येसाठी २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आहे. पुढची वीस वर्षं या नियमांनुसार चालणार आहेत.

मुलग्यांनाही हे क्षेत्र खुलं आहे, आणि वॉर्डात 'ब्रदर' म्हणून हाक मारली जाणारी मुलं उत्तम काम करताना दिसतात. वृद्ध पुरुष रुग्णाला उचलायला आणि त्याची लाज राखायला तीही लागतात.

सरकारकडे मागण्या स्पष्ट आहेत. रिक्त पदं कायमस्वरूपी भरा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशाने नेमलेल्या समितीने लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २० हजार रुपये आणि मोठ्या रुग्णालयांत सरकारी वेतनाच्या बरोबरीचं वेतन सुचवलं होतं. ते राज्यात कायद्याने लागू करा. आशांना कर्मचारी माना. घरच्या काळजीच्या कामाला नोंदणी आणि किमान वेतन द्या.

आणि वाचकांकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी उद्या कोणी काळजी घ्यायला येईल तेव्हा ती काय शिकली आहे हे विचारा. शिकली असेल तर त्या शिक्षणाचे पैसे द्या. शिकली नसेल तर तिला शिकायला रजा आणि फी द्या. तुमच्या आईची पाठ शाबूत राहील, आणि तिचीही.